कोड्यांचा डबा कपाटाबाहेर काढा : शाळेच्या व्यवस्थापनाला एक खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि मुख्याध्यापक,
(शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला कळेलच. आणि पुण्यातल्या आणखी चार शाळांना वाटलं की हे आपल्याबद्दलच लिहिलंय तर तसंही चालेल.)

सप्रेम नमस्कार.

गेल्या शुक्रवारी रात्री पावणेनऊला पालकांच्या ग्रुपवर तुमचा मेसेज आला. 'या शनिवारपासून तिसरी व चौथीचा कोडी व खेळ हा तास बंद करण्यात येत आहे. त्या वेळेत सराव चाचणी होईल. खेळाचे साहित्य वर्गात ठेवू नये.' बस, एवढंच. खाली पटापट अंगठे पडले, कुणी 'खूप छान निर्णय सर' लिहिलं, एकानं हात जोडले. मी अंगठा दिला नाही, काही लिहिलंही नाही, कारण ग्रुपवर 'फक्त सूचना, चर्चा नको' असा नियम आहे. म्हणून इथे लिहितोय.

आधी मी कोण ते सांगतो. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका बोळात माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं छोटं दुकान आहे. मुलगी तिसरीत तुमच्याकडेच आहे. चाचण्या वाढल्या की प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स वाढतात, गाईडची पानं काढायला पालक येतात, म्हणजे तुमच्या या निर्णयानं माझं नुकसान काहीच नाही, झाला तर फायदाच. तरी गप्प बसवेना.

जून महिना आणि दिवाळीनंतरचे पंधरा दिवस, या काळात दुकानात प्राथमिकच्या बाई लोकांची गर्दी असते. हातात पिशवी, पिशवीत जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून केलेले पत्ते, त्यावर स्केचपेननं आकडे, शब्द, चित्रं. '१२५ मायक्रॉनचा पाऊच लावा हो, पोरं हाताळतात, टिकलं पाहिजे.' आणि पैसे पर्समधून, स्वतःचे. बिल नको असतं कारण बिल कुणाला द्यायचं? माझ्या मुलीच्या बाईसुद्धा अशाच यायच्या. पहिल्या वर्षी मी मनात हसलो होतो, खोटं कशाला बोलू, म्हटलं एवढे पैसे घालून पोरांना पत्ते खेळायला शिकवायचं का आता शाळेत.

मग एक दिवस माझी लेक दुकानात काउंटरवर बसली होती. एका आजोबांचं बिल झालं ७१ रुपये, त्यांनी शंभरची नोट दिली, मी मशीनवरून ओरडलो, 'एकोणतीस परत दे गं.' हिनं मोजून ३९ दिले. आजोबांनी दहाची नोट काउंटरवर परत ठेवली आणि म्हणाले, 'बाळा, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी.' लेक माझ्याकडे बघायला लागली आणि तिचे डोळे भरले. तिला वजाबाकी येत होती, पाढे येत होते, अडलं होतं ते 'एकोण'ला. ऐकताना कानावर 'तीस' पडतं, मग तीनानं सुरुवात होणार, मग नऊ कुठेतरी असतात एवढं आठवतं, झाले ३९. आपल्या भाषेतले आकडे आहेतच तसे, त्रेपन्न बोलताना आधी तीन येतो आणि लिहिताना आधी पाच. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, टीव्हीवर आठवडाभर तेच. जोडाक्षरं आणि उलटं वाचन मुलांना जड जातं हे त्यामागचं कारण होतं. दोन्ही बाजूंनी भांडून झालं, पण पोरांचा गोंधळ होता तिथेच राहिला.

आमच्या बाईंनी त्यावर एक खेळ काढला. गुलाम चोर आपण सगळेच लहानपणी खेळलोय, तोच. एका पत्त्यावर आकडा, दुसऱ्यावर अक्षरी, जोडी लागली की खाली टाकायची. १९-एकोणीस, २९-एकोणतीस, तिथपासून ८९-एकोणनव्वदपर्यंत आठ जोड्या. शिवाय पोरांना चकवणाऱ्या काही, ६३-त्रेसष्ट, ७३-त्र्याहत्तर, ८३-त्र्याऐंशी. ९९-नव्याण्णव. आणि एक पत्ता एकटा, त्यावर लिहिलंय 'एकोणशंभर'. त्याला जोडी नाही कारण तसा आकडाच नाही! ज्याच्या हातात तो उरेल तो चोर. पहिल्या दिवशी म्हणे वर्गात भांडण झालं, एक मुलगा एकोणशंभर आणि ९९ची जोडी लावून मोकळा झाला, दुसऱ्यानं नव्याण्णवचा पत्ता त्याच्या नाकासमोर नाचवला, मग बाईंना विचारायला गेले. बाई म्हणाल्या, 'तुम्हीच ठरवा, घरी जाऊन आजीला विचारा कोण खरं.' त्या दिवशी तिसरीतल्या चाळीस घरांत रात्री जेवताना 'आपण एकोणशंभर का म्हणत नाही' यावर चर्चा झाली असणार. आमच्याकडे तरी झाली, आणि माझ्या आईला उत्तर आलं नाही, मला तर नाहीच नाही. आठवड्याभरात लेकीचा एकोण सुटला. मी काही शिकवलं नाही, चाचणी घेतली नाही.

हा खेळ आता तुमच्या ऑफिसच्या कपाटात श्रीखंडाच्या डब्यात बंद आहे.

तक्रारी आता एकेक करून मांडतो.

पहिली, तुम्ही कुणाला विचारलं नाही. पालक सभा पंधरा दिवसांपूर्वीच झाली, त्यात गणवेशावर पाऊण तास बोललो आपण, याबद्दल एक शब्द नाही. आणि बाईंना विचारलं असेल असं मला वाटत नाही, कारण शनिवारी त्यांचा चेहरा मी गेटवर बघितला. त्या काही बोलल्या नाहीत, बोलणारही नाहीत, आणि कृपा करून या पत्राचा राग त्यांच्यावर काढू नका, त्यांना हे माहीतही नाही.

दुसरी. ऑफिसात चौकशी केली तर उत्तर मिळालं, 'अहो सिलॅबस पुरा व्हायचाय, आणि रिव्हिजन महत्त्वाची.' मान्य, रिव्हिजन महत्त्वाचीच. पण तो तास रिव्हिजनचाच होता, तेच तर सांगतोय! बाई त्या तासाला नवीन काही शिकवत नव्हत्या, आठवड्यात झालेलंच पुन्हा डोक्यातून बाहेर काढायला लावत होत्या. धडा परत परत वाचला की 'आलं आलं' असं वाटतं, पुस्तक मिटलं की कळतं काय आलं ते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता. काहींना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तुम्ही म्हणाल, मग चाचणीत तेच होतं की! होतं, बरोबर आहे. पण आठ वर्षांच्या पोराला चाचणी म्हटलं की आठवायच्या आधी पोटात गोळा येतो, आणि चूक झाली तर ती कळते पुढच्या गुरुवारी, लाल पेननं. खेळात चूक तिथल्या तिथे कळते, समोरचाच ओरडतो 'ए, जोडी चुकली.'

यावर आपल्याच माणसाचं उदाहरण देतो, मग मला कुणी अमेरिकेचं कौतुक सांगतो म्हणायला नको. द. रा. कापरेकर. फर्ग्युसनला शिकलेले, देवळालीला शाळेत शिक्षक, आयुष्यभर आकड्यांशी खेळत बसले, लोक हसायचे. आणि १९७५ साली मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. त्यांचा ६१७४ हा आकडा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत एवढंच. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, जे येईल त्यावर पुन्हा तेच. समजा १९४७ घेतला. ९७४१ वजा १४७९, आले ८२६२. मग ८६२२ वजा २२६८, आले ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि आता त्याचंच पुन्हा करा, परत ६१७४च येतं, पाणी अडल्यासारखं तिथेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतोच.

बाईंनी हे दाखवल्यापासून आमची लेक स्कूटरवर मागे बसून अलका टॉकीज चौकातल्या सिग्नलला समोरच्या गाडीचा नंबर घेते, एमएच १२ सोडून पुढचे चार आकडे, आणि घरी येऊन वहीत मांडते. वर १९४७ची केली त्यात हातच्याच्या पाच वजाबाक्या आहेत बघा. हातच्याच्या पाच वजाबाक्या गृहपाठात दिल्या असत्या तर रडारड झाली असती, इथे ती स्वतः रोज दोन-दोन गाड्या करते. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तपासायला कुणी लागत नाही. सात पायऱ्यांत ६१७४ आला नाही म्हणजे कुठेतरी हातचा विसरलाय, जा मागे, शोध. मध्ये कुठेही उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यात बसली नाही तरी तिथेच समजतं. असा सराव कुठल्या गाईडात आहे, दाखवा, मी फुकट झेरॉक्स काढून देतो.

तिसरी तक्रार स्कॉलरशिपची. 'आत्तापासून तयारी पाहिजे.' बरं. त्या परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीला १०० मार्क असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि त्यात असतं काय? अंकमालिका, वेगळा घटक ओळखा, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेत कोण कितवा. ही सगळी कोडीच आहेत की हो! म्हणजे कोड्यांचा तास बंद करून त्या तासात कोड्यांची उत्तरं पाठ करून घ्यायची. मी दुकानात रोज बघतो, अंकमालिकांचे 'पन्नास प्रकार' म्हणून झेरॉक्स जातात, पोरगं प्रकार पाठ करतं आणि एक्कावन्नावा आला की पेन चावत बसतं.

चौथी, 'पालकच तक्रार करतात, शाळेत खेळायला पाठवतो का म्हणून.' करतात, मी ऐकलंय, गेटवर मीही त्यातलाच होतो एकेकाळी. पण मग आम्हाला समजावून सांगायचं काम कुणाचं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं, त्यात गणिती विचार मुलांना आवडावा म्हणून कोडी आणि खेळ नियमित वापरा असं स्पष्ट म्हटलंय. 'नियमित' म्हटलंय, वेळ उरला तर म्हटलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला, त्यात खेळणी, कोडी, पत्ते, बाहुल्या. म्हणजे दिल्लीनं पेटी काढली आणि आपण पुण्यात बसून डब्याला कुलूप लावलं. आणि हे आपल्याला परकं आहे असंही नाही, भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त अपूर्णांक शिकवले ते भुंग्यांच्या कोड्यातून. थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्रावर, त्या दोन्हीतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, एक बिचारा हवेत घुटमळतोय, तर एकूण किती. (पंधरा. पण मला सोडवायला एक झेरॉक्सचा कागद लागला.)

पाचवी तक्रार जरा वेगळी आहे आणि तीच मला जास्त बोचते. तास बंद केलात पण कॉम्प्युटर लॅबमध्ये ते अ‍ॅप मात्र चालू ठेवलंत, ज्यात स्क्रीनवर प्रश्न येतो, पटकन बटण दाबायचं, आणि शेवटी पहिल्या दहा जणांची नावं चमकतात. त्याला तुम्ही 'गेम बेस्ड लर्निंग' म्हणता, माहितीपत्रकात फोटो पण आहे. आमच्या मुलीच्या वर्गात तीच चार नावं चमकतात दर वेळी. बाकीची पोरं तिसऱ्या प्रश्नानंतर अंदाजपंचे बटण दाबतात, मी स्वतः पालक दिनाला बघितलंय. खेळ म्हटला की चांगलाच असं माझं अजिबात म्हणणं नाही. ते चौकोनात लपलेले शब्द शोधा असतं ना, शब्दशोध, त्याच्या मी वर्षाला हजारो झेरॉक्स काढतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो डोळ्यांचा व्यायाम आहे, शब्दाचा अर्थ कळला नाही तरी सापडतो. तेच शब्दकोडं घ्या, तिथे अर्थावरून शब्द आठवावा लागतो. दिसायला दोन्ही चौकोन. हा फरक बाईंना कळतो, अ‍ॅप विकणाऱ्याला कळत नाही, किंवा कळूनही गरज नाही.

यावरही एक प्रयोग झालाय, सीग्लर आणि गीता रमणी यांचा, २००८ सालचा. गरीब घरातल्या बालवाडीच्या मुलांना सापशिडीसारखा पण सरळ रेघेतला पट दिला, घरांवर १ ते १० आकडे. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका. त्या मुलांची आकड्यांची समज सुधारली. दुसऱ्या गटाला तसाच पट, पण आकड्यांऐवजी रंग. त्यांच्यात तो फरक पडला नाही. म्हणजे खेळ तोच, फासा टाकल्यासारखंच सगळं, फक्त घरात काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून. हे ठरवायला शिक्षक लागतो.

आमच्या बाईंचंही सगळं पहिल्या फटक्यात जमलं असं नाही. सुरुवातीला कोडं सुटलं की हात वर करायचा होता, त्यात एक जरा अडखळत बोलणारा मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसायला लागला. बाईंनी दोन आठवड्यांत पद्धत बदलली, दोघांत एक कोडं, आणि उत्तर त्यानं सांगायचं ज्यानं सोडवलं नाही, म्हणजे सोडवणाऱ्याला आधी शेजाऱ्याला समजावून द्यावं लागणार. गोंगाट त्यामुळेच वाढला. तुमच्या मेसेजमध्ये नव्हतं पण ऑफिसात मला ऐकू आलं, 'फार आवाज होतो हो त्या वर्गात.' होणारच, वीस पोरं वीस पोरांना वजाबाकी समजावत होती.

आणि आपण कुठे राहतो याची तरी थोडी चाड ठेवू. याच गावात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी करून पिढ्यांना विज्ञान दाखवलं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, बस. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच डुलतो, एकदा हातात घेतलं की पुलाला, पत्र्याच्या शेडला त्रिकोण का असतात ते कुणी सांगावं लागत नाही. दहा रुपयांचा मामला आहे.

तर आता मागण्या. फार नाहीत.

शनिवारचा तास परत द्या, पूर्ण चाळीस मिनिटं. जमलं तर रोजच्या गणिताच्या आणि मराठीच्या तासाची शेवटची दहा मिनिटंही बाईंना त्यांच्या मनानं वापरू द्या.

डबा वर्गात राहू दे. कुलूप नको, मधल्या सुट्टीत पोरांच्या हाताला लागला पाहिजे.

खेळाला मार्क, रँक, स्टार, काही नको. प्रगतिपुस्तकात 'खेळातून शिक्षण : ब' असला प्रकार तर मुळीच नको, हात जोडतो.

साहित्याचा खर्च शाळेनं करावा, बाईंच्या पर्समधून नको. मी हिशोब करून बघितला, एका वर्गाचं वर्षाचं सगळं, पुठ्ठा, पाऊच, स्केचपेन धरून, हजार रुपयांच्या आत बसतं. अ‍ॅपची वर्गणी किती आहे ते तुम्हीच सभेत सांगा.

पालकांना एका शनिवारी बोलवा आणि मुलांबरोबर खाली सतरंजीवर बसवून खेळायला लावा. भाषण नको, प्रोजेक्टर नको.

आणि हे काहीच करायचं नसेल तर का नाही ते पुढच्या पालक सभेत लेखी द्या. ग्रुपवरचा तीन ओळींचा मेसेज चालणार नाही.

लॅमिनेशनचं मी बघतो. तिसरी-चौथीच्या दोन्ही तुकड्यांचं यंदाचं सगळं फुकट करून देईन, कोपरे गोल कापून, म्हणजे पोरांना टोचायचे नाहीत. कुणाला तरी पाठवा, फक्त एक ते चारमध्ये नको, दुकान बंद असतं.

आपला,
तिसरी 'ब'मधल्या एका मुलीचा बाबा

ता.क. डबा जमा करून घेतला त्या दिवशी एक पत्ता लेकीच्या दप्तरात राहिलाय, 'एकोणशंभर'. ती परत द्यायला तयार नाही, म्हणते डबा वर्गात आला की मीच नेऊन ठेवीन. तेव्हा तुमच्या कपाटात जो खेळ आहे त्यात सध्या चोरच नाही.